वंचक की वंचित? एका लहान बगळ्याचा इतिहास

१/
गावतळ्याचा काठ, भाताचे खाचर किंवा शहरातला एखादा नाला. चिखलाच्याच रंगाचा एक पक्षी मान खांद्यांत ओढून, पाण्यावर नजर रोखून उभा असतो. आपण अगदी जवळ पोहोचेपर्यंत तो दिसतच नाही. मग एकाएकी कर्कश ओरडून तो उडतो आणि त्या मातकट देहातून दोन शुभ्र पंख उलगडतात. ही ढोकरी. हिलाच भुरा बगळा म्हणतात. तिचे तिसरे मराठी नाव आहे ‘वंचक’, म्हणजे फसवणारा.

आजचा धागा या आरोपाविषयी आहे.

२/
इतिहासाच्या धाग्यात पक्षी कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. नाव हाही एक दस्तऐवज असतो. तो ज्याला दिला त्याच्याविषयी थोडे सांगतो आणि ज्याने दिला त्याच्याविषयी पुष्कळ. ढोकरीला कोणी ढोंगी म्हटले, कोणी आंधळी म्हटले, कोणी लॅटिन नाव देऊन नमुना म्हणून नोंदवले, तर कोणी तिच्या पिसांचा भाव ठरवला. ती मात्र या सर्व काळात तशीच पाण्याकाठी उभी होती.

३/
प्रथम ओळख पक्की करू. बखर हाती आली की आपण तिचा काळ, स्थळ आणि हस्ताक्षर पाहतो. पक्ष्याच्या बाबतीतही ऋतू, जागा आणि पिसांवरील खुणा पाहाव्या लागतात.

ढोकरीची लांबी साधारण ४२ ते ४५ सेंटिमीटर, म्हणजे कावळ्याहून किंचित अधिक. मान आखूड, चोच जाड व टोकदार, पाय मळकट हिरवे-पिवळे. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या आरंभी पाठ करड्या-तपकिरी रंगाची असते. डोके, मान आणि छाती यांवर तपकिरी उभ्या रेघा असतात. पंख, कंबर आणि शेपटी पांढरी. पण बसलेल्या पक्ष्यात हे पांढरेपण जवळजवळ पूर्ण झाकलेले असते.

४/
पावसाळा जवळ आला की हाच पक्षी ओळखू येऊ नये इतका बदलतो. पाठीवर गर्द किरमिजी रंगाची लांब, विरळ धाग्यांची पिसे येतात. डोके आणि मान पिवळसर बदामी होते, छातीवरच्या रेघा नाहीशा होतात आणि डोक्यामागे पांढऱ्या पिसांचा लांब तुरा लोंबू लागतो. चोचीचे मूळ निळसर, मध्य पिवळा आणि टोक काळे दिसते. काही पक्ष्यांचे पाय थोड्या दिवसांसाठी लालसरही होतात.

मार्चमधला आणि जुलैमधला पक्षी शेजारी ठेवला, तर नवख्या माणसाला त्या दोन जाती वाटतील. ही किरमिजी पिसे लक्षात ठेवा. पुढे त्यांच्यामुळेच रक्त सांडणार आहे.

५/
गफलत कोठे होते?

रातबगळ्याचे पिल्लू तपकिरी असते, पण त्याच्या पाठीवर रेघा नसून पांढरे ठिपके असतात आणि उडताना त्याचे पंख शुभ्र दिसत नाहीत. खाडीकाठच्या खारफुटीतला हिरवा बगळा आकाराने जवळचा, पण त्याचे पंख राखी-हिरवट असतात. गायबगळा वीण-काळात डोक्यावर आणि पाठीवर केशरी-बदामी होतो, मात्र त्याचा बाकीचा देह बसलेला असतानाही पांढराच दिसतो.

एक खूण पुरेशी आहे: बसलेली मातकट, उडालेली पांढरी. ती ढोकरी.

६/
तरीही एका ठिकाणी जाणकारांची दृष्टीही थबकते. ढोकरीचे तीन जवळचे भाऊबंद आहेत. युरोप-आफ्रिकेतल्या भावाचे शास्त्रीय वर्णन स्कोपोली याने १७६९ मध्ये केले. जावातल्या भावाचे हॉर्सफिल्डने १८२१ मध्ये, आणि चीनमधल्या भावाचे बोनापार्टने १८५५ मध्ये. वीण-काळात चौघांचे रंग वेगवेगळे असतात, पण तो काळ सरला की चौघेही तेच तपकिरी रेघांचे अंगरखे घालतात आणि त्यांना वेगळे करणे अतिशय अवघड होते.

आपल्या ढोकरीची नोंद झाली १८३२ मध्ये, तीही दख्खनमधून. त्या कथेकडे जाण्यापूर्वी जुना आरोप तपासू.

७/
संस्कृतातला ‘बक’ हा शब्द एकाच जातीचा वाचक नाही. बगळ्यांच्या साऱ्या कुळाला तो लागतो. या बकाचे चारित्र्य वाङ्मयाने फार लवकर ठरवून टाकले. पंचतंत्रातला म्हातारा बक माशांना दुष्काळाचे भय घालतो, दुसऱ्या तळ्यात पोहोचवतो असे सांगून एकेकाला उचलतो आणि खडकावर नेऊन खातो. शेवटी खेकडा त्याची मान कापतो. हीच गोष्ट पाली जातककथांत ‘बकजातक’ म्हणून येते. मनुस्मृतीत तर नजर खाली लावून स्वार्थ साधणाऱ्या दांभिकाला ‘बक’ शब्दावरूनच नाव दिले आहे. आपण आजही ‘बकध्यान’ म्हणतो ते याच परंपरेतून.

८/
परंतु याच परंपरेत दुसरी साक्षही आहे, आणि ती सहसा विसरली जाते.

महाभारताच्या वनपर्वात तळ्याकाठी चार पांडव निपचित पडलेले आहेत. युधिष्ठिर पाण्याजवळ येतो, तेव्हा जो त्याला अडवतो तो स्वतःची ओळख बक म्हणूनच करून देतो: शेवाळ आणि मासे खाऊन राहणारा. मग तो यक्ष म्हणून प्रकट होतो, प्रश्न विचारतो आणि अखेरीस कळते की तो साक्षात धर्म आहे.

म्हणजे एका कथेत बक धर्माचे सोंग घेतो, तर दुसऱ्या कथेत धर्मच बकाचे सोंग घेतो. आपल्या म्हणींनी पहिली कथा जपली आणि दुसरी बाजूला ठेवली.

९/
आता त्या ‘ध्याना’चा खरा अर्थ पाहू. बगळ्याच्या मानेतला सहावा मणका इतरांहून लांबट असतो. त्यामुळे मान ‘एस’ अक्षरासारखी दुमडते. दुमडलेली मान म्हणजे ताणलेला धनुष्य. मासा, बेडूक, खेकडा किंवा किडा टप्प्यात आला की ती क्षणार्धात सुटते. पाण्यात हालचाल झाली तर भक्ष्य सावध होते, म्हणून स्थिर राहणे हीच तिची शेती आणि हीच तिची मजुरी.

यात ना भक्ती आहे, ना ढोंग. नीतिकथेला खलपुरुष हवा होता आणि तो तळ्याकाठी आयता उभा सापडला.

१०/
लोकांनी दुसराही एक निष्कर्ष काढला. हिंदीत हिला ‘अंधा बगला’ म्हणतात. श्रीलंकेत सिंहली भाषेतले ‘काना कोका’ हे नावही तिला दृष्टिदोष चिकटवते. कारण एकच: माणूस अगदी जवळ आला तरी ती उडत नाही.

वास्तविक ती पाहत असते. स्वतःच्या रंगावर तिचा भरवसा असतो. उडाली की शुभ्र पंख दिसणार, म्हणून शेवटच्या क्षणापर्यंत न हलणे हेच तिचे संरक्षण. तिच्याजवळून जाताना ती न दिसणारे आपण, आणि आंधळे ठरवले तिला!

११/
आता १८१७. ५ नोव्हेंबरला खडकीच्या मैदानावर पेशव्यांचे सैन्य आणि ईस्ट इंडिया कंपनीचे सैन्य समोरासमोर आले. खडकी आणि पुणे येथील या लढायांत कंपनीच्या देशी शिपायांचे नेतृत्व करणाऱ्यांत विल्यम हेन्री सायक्स नावाचा एक अधिकारी होता. वय सत्तावीस. त्याला हिंदुस्थानी आणि मराठी या दोन्ही भाषा येत होत्या.

राज्य गेले. राज्य जिंकणाऱ्यांपुढे पुढचा प्रश्न होता: जे जिंकले ते नेमके आहे काय?

१२/
मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८२४ मध्ये सायक्सला सांख्यिकी वार्ताहर नेमले. दख्खन फिरायचे, पाहायचे आणि मोजायचे, असे ते काम. गावे, लोकसंख्या, जमिनीचे हक्क, पिके, हवामान यांच्या जोडीने सायक्सने प्राणी, पक्षी आणि मासेही नोंदवले. १८२९ च्या अखेरीस हे पद रद्द झाले, तरी काम पुरे करूनच तो १८३१ मध्ये मायदेशी परतला.

पुढे तो कंपनीचा संचालक आणि अध्यक्ष झाला. महसुलाची वही आणि पक्ष्यांची यादी एकाच माणसाच्या हातात होती, ही गोष्ट वसाहतकाळ समजून घेताना विसरू नये.

१३/
१८३२ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात सायक्सची दख्खनच्या पक्ष्यांची सूची प्रसिद्ध झाली. त्या वेळच्या विज्ञानाला नव्या अशा ५६ जाती तीत होत्या. त्यांतलीच एक आपली ढोकरी.

नव्या? ज्या पक्ष्याला खेड्यातले पोर नावाने ओळखत होते, तो नवा कसा? येथे ‘नवा’ याचा अर्थ एवढाच की लॅटिन नावाने, छापील वर्णनासह, लंडनमध्ये तो प्रथमच नोंदला गेला. विज्ञानाच्या शिस्तीत या नोंदीला मोल आहेच, कारण तिच्यामुळे जगभरचे अभ्यासक एकाच पक्ष्याविषयी बोलू शकतात. पण ‘प्रथम नोंदला’ आणि ‘प्रथम ओळखला’ यांतले अंतर इतिहासाच्या विद्यार्थ्याने सोडू नये.

१४/
नाव ठरले ‘अर्डिया ग्रेयाय’. आज ते ‘अर्डिओला ग्रेयाय’ आहे. अर्डिओला म्हणजे लॅटिनमध्ये लहानसा बगळा. ‘ग्रेयाय’ हा सन्मान लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे याचा.

गंमत पाहा. याच सायक्सने काही वर्षांनी दख्खनच्या माशांचे वर्णन केले, तेव्हा मराठी नावेच लॅटिन साच्यात बसवली. खुडरी, कोळस, शिंगटी ही आपल्या नद्यांतल्या माशांची नावे आजही त्यांच्या शास्त्रीय नावांत टिकून आहेत. माशांना मराठी नाव मिळाले आणि त्यांना टिपणाऱ्या ढोकरीला लंडनचे. ‘ढोकरी’ हा शब्द शास्त्राच्या दप्तरात जाता जाता राहिला.

१५/
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला आणखी एक ओळख मिळाली: माल. इंग्रजांच्या बोलीत ती ‘पॅडी बर्ड’, भातखाचरातली म्हणून. आणि त्या काळी युरोप-अमेरिकेत स्त्रियांच्या टोप्यांवर पक्ष्यांची पिसे लावण्याची लाट आली होती. सर्वांत अधिक मागणी बगळ्यांच्या वीण-काळातल्या तलम पिसांना. शुभ्र बगळ्यांची पिसे वजनाला वजन लावले तर सोन्याहून महाग विकली जात. लंडन ही या व्यापाराची मोठी पेठ. हिंदुस्थानातून तेथे जाणाऱ्या मालात ‘पॅडी बर्ड’ची पिसेही होती.

१६/
या व्यापारातले क्रौर्य त्याच्या वेळापत्रकात दडलेले होते. ही पिसे फक्त वीण-काळात येतात. त्या वेळी पक्षी एकेका झाडावर वसाहत करून घरट्यांत बसलेले असतात आणि पिल्लांना सोडून दूर जात नाहीत. शिकाऱ्याला याहून सोपे काय? मोठे पक्षी मारले की पिसे मिळत. घरट्यातली पिल्ले भुकेने मरत. एका टोपीच्या तुऱ्यामागे एक पिढी नव्हे, दोन पिढ्या जात.

‘वंचक’ हा शब्द येथे कोणाला शोभतो, ते वाचकांनीच ठरवावे.

१७/
विरोध उभा राहिला. इंग्लंडमध्ये १८८९ मध्ये एमिली विल्यमसन हिने मँचेस्टरजवळच्या डिड्सबरी येथील आपल्या घरातून पक्षीरक्षणाची संघटना सुरू केली. आरंभीच्या सभासद स्त्रियाच होत्या आणि पिसे न घालण्याचे वचन ही तिची पायरी होती. आज ‘रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्‌स’ म्हणून ओळखली जाते ती हीच. आपल्याकडे मुंबईत १८८३ मध्येच बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन झाली होती आणि तिच्या नियतकालिकातून निसर्गाच्या नोंदी छापल्या जात होत्या.

१८८७ चा वन्य पक्षी संरक्षण कायदा फार तोकडा होता. खरा घाव बसला १९०२ मध्ये: हिंदुस्थान सरकारने पक्ष्यांची कातडी आणि पिसे निर्यात करण्यावर बंदी घातली. शहामृगाची पिसे आणि अभ्यासासाठीचे नमुने यांना सूट होती.

१८/
बंदी आली म्हणून लोभ संपत नाही. त्या वेळी मुंबई इलाख्यात असलेल्या सिंधमध्ये बगळे बंदिस्त आवारात पाळून त्यांची पिसे काढण्याचा उद्योग चालला. १९१४ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात या बगळापालनावर लेखही आला. पक्षी मारत नाही, केवळ पिसे काढतो, असा हा बचाव.

दरम्यान १९१२ चा वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायदा झाला. त्याची अनुसूची जरूर वाचावी. तितर, लावा, बदक, मोर अशी शिकारीच्या पक्ष्यांची नावे होतात आणि त्यांच्या जोडीला येतात बगळे, नीलपंख आणि खंड्या. यांना मेजवानीत कोणी मागत नव्हते. यांची पिसे बाजारात मागितली जात होती. कायद्याच्या कोरड्या यादीत एका व्यापाराची सावली अशी उमटली आहे.

१९/
१९२१ मध्ये ब्रिटनने पिसांच्या आयातीवरच बंदीचा कायदा केला. पहिल्या महायुद्धानंतर स्त्रियांची केशरचना आणि टोप्यांची तऱ्हाही बदलली होती. मोठ्या तुऱ्यांचे दिवस सरत आले होते. कायदा, लोकमत आणि फॅशन या तिघांनी मिळून बगळ्यांना वाचवले. यांपैकी एकालाच श्रेय देणे हे सोयीचे होईल, खरे होणार नाही.

१९४१ मध्ये सालिम अली यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ आले. ज्या पक्ष्याला आधी टिपून पाहिले जाई, त्याला दुर्बिणीतून पाहण्याची सवय या पुस्तकाने अनेक पिढ्यांना लावली.

२०/
मग आज ढोकरी सुखरूप आहे का? ती दुर्मिळ नाही. गढूळ पाणी, नाले, माणसांची वर्दळ हे सारे ती सहन करते. दख्खनच्या पठारावर नैसर्गिक सरोवरे थोडी. तिला आसरा दिला तो माणसाने बांधलेल्या पाण्याने. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांनी पुण्याच्या पाण्यासाठी बांधलेला कात्रजचा तलाव असो, की नाशिक जिल्ह्यात गोदावरी-कादवा संगमावरच्या बंधाऱ्यामुळे घडलेले नांदूर मध्यमेश्वर, जे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. आपल्या जलव्यवस्थेचा इतिहास हाच तिच्या वस्तीचाही इतिहास आहे. तळे बुजले की दोन्ही बुजतात.

२१/
धोका आज दुसऱ्या वाटेने येतो. जून ते सप्टेंबर या काळात ढोकरी चिंच, वड, आंबा अशा मोठ्या झाडांवर इतर बगळ्यांसह घरटी करते. पुष्कळदा भर वस्तीत. निळसर-हिरवी तीन ते पाच अंडी, दोघेही पालक राबणारे. खाली विष्ठा पडते, वास येतो, तक्रारी होतात आणि फांदीवर करवत चालते. पिसांच्या शिकाऱ्यांनी निवडला होता तोच हंगाम, तीच घरटी, तीच पिल्ले.

म्हणून दोन गोष्टी माहीत असाव्यात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार संरक्षित पक्ष्याची अंडी वा घरटे नष्ट करणे हीसुद्धा ‘शिकार’ ठरते. आणि महाराष्ट्रातल्या शहरांत झाडे तोडण्यावर १९७५ च्या वृक्ष संरक्षण व जतन अधिनियमाचे बंधन आहे. छाटणी करायचीच असेल तर घरटी रिकामी होईपर्यंत थांबणे, एवढाच प्रश्न असतो.

२२/
‘वंचक’ आणि ‘वंचित’ हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आले आहेत. एक फसवतो, दुसरा फसवला जातो. ढोकरीच्या इतिहासात पहिला शब्द तिला लागला आणि दुसरा अनुभव तिच्या वाट्याला आला. नीतिकथेने तिचे चारित्र्य घेतले, लोकोक्तीने दृष्टी घेतली, सूचीने नाव घेतले, बाजाराने पिसे घेतली.

तिला आता आपल्याकडून नवे नाव नको आहे. पुढच्या वेळी पाण्याकाठी चिखलाचा एखादा गोळा जरा जास्तच स्थिर वाटला, तर थांबा. रेघा पाहा, ऋतू आठवा, चोचीचा रंग बघा. ती तुम्हाला केव्हाच पाहून चुकलेली असेल.

तुमच्या गावाकडे हिला काय म्हणतात, ते खाली अवश्य लिहा. तीही इतिहासाची साधनेच आहेत.

(धागा समाप्त)